हातभर पाणी

"एवढं पाणी, अन् एकई माणूस उतरत नाई त्याच्यात."

मावशी काकांना सांगत होत्या. मी जिन्याच्या वळणावर होते, हातात पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन, आणि त्या दोघांना मी दिसत नव्हते. काका लांब दांडीच्या जाळीने पाण्यावरची पानं गोळा करत होते. जरा वेळाने ते म्हणाले, "उतराले कुठी बनवलं? पाहाले बनवलं." मावशी हसल्या. तेव्हाच खाली गेले असते तर मी ऐकत होते हे त्यांना कळलं असतं, म्हणून थोडी थांबले, बादली मुद्दाम पायरीवर आपटली आणि मग उतरले. मावशींनी दोरीवरचे आपले कपडे सरकवून मला जागा करून दिली. मी "थँक्यू" म्हटलं, त्या "हो मॅडम" म्हणाल्या, आणि आमचं त्या दिवसाचं बोलणं संपलं.

तो बंगला सावली गावाच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना, अगदी लागून होता. मालक ठेकेदार होते. मुलं लहान असताना त्यांनी हौसेने मागच्या अंगणात स्विमिंग पूल बांधून घेतला आणि दोन उन्हाळ्यांनंतर सगळं कुटुंब नागपूरला राहायला गेलं. मागे राहिले काका आणि मावशी, फाटकाजवळच्या खोलीत, राखणदार म्हणून. पूल तेच राखत. ते त्याला टाकं म्हणत. काही महिन्यांनी मीही मनात टाकंच म्हणू लागले.

मी मागच्या बाजूच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. गावातल्या इंग्रजी शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवायला आले होते. पप्पा चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत नोकरीला. त्यांनीच ओळखीतून ही खोली शोधली. सामान घेऊन मला सोडायला आले तेव्हा त्यांनी कंपाउंडची भिंत हाताने थोपटून पाहिली, मावशींशी दोन शब्द बोलले आणि निश्चिंत मनाने संध्याकाळच्या बसने परत गेले.

मी खाणीच्या कॉलनीत वाढले. शाळेत इंग्रजी, खेळायला हिंदी, घरात मराठी. तिन्ही भाषा येत होत्या, आणि तिन्ही भाषांत मी आधी मनात वाक्य पूर्ण करून मगच बोलत असे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी काही विचारलं आणि मी म्हणाले, "माझी काहीच हरकत नाही." तेव्हा एक बाई दुसरीला म्हणाल्या, "पाहा वं, मॅडम कशा बातम्या देतेत." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळे हसले, मीही हसले. पण त्यानंतर स्टाफरूममध्ये गेले की मी लगेच वह्या तपासायला काढू लागले.

बंगल्यावर तर बोलायला निमित्तच नव्हतं. एका रविवारी दुपारी आईचा फोन आला आणि 'हॅलो' म्हणताना माझा आवाज बसलेला निघाला. सर्दी झाली का, तिने विचारलं. सर्दी नव्हती. आदल्या दिवशी शाळा सुटल्यापासून मी एक शब्दही बोलले नव्हते. मी तिला म्हटलं, हो, थोडी सर्दी आहे.

खिडकीतून टाकं पूर्ण दिसायचं. वीस फूट लांब, दहा-बारा फूट रुंद, निळ्या फरशीचं. चहाचा कप घेऊन मी तिथे बसायची आणि काकांचं काम बघायची. पंपाच्या खोलीत एक मोठी झडप होती आणि तिच्यावर इंग्रजी शब्द कोरलेले होते. काकांना ते वाचता येत नव्हते, म्हणून मावशींनी नेलपॉलिशचे ठिपके दिले होते: रोज पाणी गाळायला एक, गाळणीची वाळू धुवायला दोन, पाणी बाहेर फेकायला तीन. झडप फिरवायच्या आधी काका मेन स्विच पाडत आणि पायात रबरी चप्पल आहे का हे वाकून बघत. चप्पल पायात आहे हे न बघता माणसाला कळत नाही का, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. नंतर ते वाकणं मला आवडायला लागलं.

त्यांचं घराणं मासेमारीचं. तरुणपणी ते गावोगावच्या बोड्या उपसायला जात. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहान तळं. उन्हाळ्यात पाणी आटत आलं की पाळ फोडायची, उरलंसुरलं पाणी सोडायचं, मासोळ्या धरायच्या आणि तळ पावसाळ्यापर्यंत उघडा टाकायचा. "बुडाले सालातून एकडाव ऊन दाखवा लागते," काका म्हणत, "नाई तं पाणी आंधळं होते." हे मी खिडकीतून बरेचदा ऐकलं. कुणाला सांगत ते कळत नसे. बहुधा मावशींना, आणि त्यांनी ते चाळीस वर्षं ऐकलं असणार.

माझ्या खोलीतल्या कपाटात, खालच्या खणात मालकांच्या जुन्या फायली होत्या. मी आणलेली पुस्तकं संपल्यावर त्या वाचल्या. दुसऱ्याच्या फायली वाचू नयेत हे मला कळतं, पण त्या पावसाळ्यात मी बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचत होते. एका फायलीत पूल बांधून देणाऱ्यांचं इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यात पाण्याची पातळी कमी कशी करावी यावर चार पानं होती. पाण्यात औषध टाकलं असेल तर काही दिवस जाऊ द्यावेत, मगच ते बाहेर सोडावं. पंप चालू असेपर्यंत माणसाने जागेवरून हलू नये. पाणी घराच्या पायाशी सोडू नये. आणि एका चौकटीत, जाड अक्षरांत: पावसाळ्यात पूल कधीही पूर्ण रिकामा करू नये. आजूबाजूची जमीन पाण्याने फुगलेली असते आणि ते पाणी टाकीला खालून वर ढकलत असतं. टाकी जागेवर राहते ती आतल्या पाण्याच्या वजनामुळे. ते वजन काढलं की ती उचलली जाते.

त्याखाली लिहिलं होतं की पुलाच्या कोपऱ्याशी झाकण असलेला एक पाइप पुरलेला आहे, त्यात डोकावलं की जमिनीतलं पाणी किती वर आलंय ते दिसतं. मी खिडकीतून वाकून बघितलं. पाइप होता. मावशींनी त्याच्या झाकणावर गुलाबाची कुंडी ठेवली होती.

सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मालकांचा फोन आला. काकांना कमी ऐकू येई, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा आणि मला वर सगळं ऐकू यायचं. टाक्याच्या वरच्या रांगेतल्या फरशा निघाल्या होत्या, त्या बसवायला सोमवारी मिस्त्री येणार होता. मालक म्हणाले, हातभर पाणी उतरवून ठेवा, भिंतीतल्या दिव्याच्या खालपर्यंत, म्हणजे त्याला काम करता येईल. काका हो म्हणाले. मग मालकांचा आवाज जरा मऊ झाला. "अन् भाऊ, बुडाशी हिरवं धरलंय. मागच्या वेळेस पाहिलं मी. आता तुमच्याच्यानं होत नाही. वाईट म्हणून नाही म्हणत, वय झालं तुमचं. दिवाळीनंतर नागपूरहून एजन्सीचा माणूस ठेवतो म्हणतो. तुम्ही दोघं पोरीकडं जा, आराम करा."

"हो साहेब," काका म्हणाले. फोन कधीच बंद झाला होता, तरी ते अजून एकदा हो साहेब म्हणाले.

थोड्या वेळाने मी सुकलेले कपडे काढायला खाली गेले तेव्हा मावशी दोरीपाशी उभ्या होत्या. त्या आपणहून बोलायला लागल्या. त्यांची मुलगी तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याला दिलेली. जावई चांगला, घर मोठं. पण घरात सगळे तेलुगू बोलतात. सासू बोलते, नातवंडं बोलतात, मुलगीही आता त्यांच्याशी तेच बोलते. "आपण नुस्तं हसत बसाचं," मावशी म्हणाल्या. "दोन दिवस हसता येते. चार दिवस हसता येते. तिथी राहाले गेलो, मॅडम, तं मरेपर्यंत पाव्हणेच."

नुसतं हसत बसणं म्हणजे काय हे त्या गावात माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तेवढं मला सांगता आलं असतं. मी टॉवेलची घडी घातली आणि मान हलवली.

शनिवारी शाळा अर्धी असायची. मी दुपारी आले तेव्हा काकांनी काम सुरू केलं होतं, आणि ज्या नीटपणे केलं होतं ते बघण्यासारखं होतं. तसंही आठ दिवस त्यांनी औषध टाकलंच नव्हतं. तरी खात्री करायला म्हणून आदल्या संध्याकाळी टाक्यातलं पाणी बादलीत घेऊन त्यात बांधीतल्या दोन बारक्या मासोळ्या सोडल्या होत्या. सकाळी दोन्ही पोहत होत्या. मग ते धुऱ्यावरून, म्हणजे बांध्यांमधल्या बांधावरून, शेजाऱ्याकडे गेले होते. वरच्याने पाणी सोडायच्या आधी खालच्याला सांगायचं, हा तिकडचा रिवाज. शेजाऱ्याच्या बांध्या आधीच तुडुंब होत्या, म्हणून त्याने कडेने नाल्याकडे वाट मोकळी करून दिली. पाणी जायला लागलं तेव्हा तो धुऱ्यावर फावडं टेकून उभा होता.

"साहेबाच्या आंघोळीचं पाणी माह्या धानाले पाजता का, भाऊ?"

"आंघोळ केलीच कोणं त्याच्यात?" काका म्हणाले. "कोरंच आहे."

पंप चालू असेपर्यंत काका पालथ्या बादलीवर बसून राहिले. टाक्याच्या भिंतीवर त्यांनी खडूने हातभर खाली रेघ मारली होती. जेवण मावशींनी तिथेच आणून दिलं. पुस्तकातल्या चार पानांत होतं ते सगळं हा माणूस पुस्तक न वाचता करत होता. मला खिडकीत बसून त्याचा अभिमान वाटत होता, कशासाठी कोण जाणे.

चारच्या सुमाराला पाणी रेघेला लागलं. काका उठले. मेन स्विचपाशी गेले, हात वर केला आणि खाली घेतला. मग त्यांनी मावशींना हाक मारली. "आता एवढं उतरलंच आहे, तं सारंच काढू. बुड घासू, उद्या दिवसभर ऊन दाखवू. सोमवारी साहेब मिस्त्रीसंगं आला तं पाहीन. म्हातारा अजून मेला नाई." मावशींनी पदर खोचला आणि खराटा आणायला गेल्या.

मी खाली उतरले. दोघं पंपाच्या खोलीत होते. मी कोपऱ्यातली कुंडी बाजूला सरकवली आणि पाइपचं झाकण फिरवलं. मला वाटलं होतं आत वाकून बघावं लागेल, अंधार असेल. तसं काही नव्हतं. पाणी तोंडाशीच होतं, बोट बुडवता आलं असतं. त्यात आभाळाचा एक गोल तुकडा आणि माझं अर्धं कपाळ दिसत होतं.

वाक्य माझ्या मनात तयार होतं: काका, पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नये असं पुस्तकात लिहिलं आहे. पूर्ण, शुद्ध वाक्य. ते मला माझ्याच आवाजात ऐकू आलं आणि बातम्यांसारखं वाटलं. ज्याने अर्धं आयुष्य बोड्या उपसल्या त्याला मी, टाक्यात कधी पाऊलही न टाकलेली, पाण्याबद्दल सांगणार. कुठलं पुस्तक, असं त्यांनी विचारलं तर मालकांच्या फायलीतलं असं सांगावं लागणार. शिवाय पुस्तक परदेशातल्या जमिनीसाठी लिहिलेलं असेल. शिवाय त्यांच्या चेहऱ्यावर कालच्या फोननंतर पहिल्यांदा जरा जीव आला होता. ही सगळी कारणं खरी होती. पण ती सगळी मी झाकण परत फिरवता फिरवता शोधली. आधी हात झाकणाकडे गेला होता.

"काय शोधून राह्यल्या, मॅडम?" काका मागे उभे होते.

"काही नाही," मी म्हणाले. "गुलाब बघत होते."

त्यांनी कुंडी उचलून सरळ जागेवर ठेवली. या गुलाबाला अजून एकही फूल आलेलं नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते नंतर दिसलं.

रविवारी सकाळी उठले तेव्हा टाक्यात फक्त तळाचा ओला चकाका होता. उरलेलं पाणी दोघांनी बादल्यांनी काढलं होतं. काका लुंगी दुमडून उकिडवे बसून विटेच्या तुकड्याने फरशी घासत होते, कोपऱ्यातलं शेवाळ विळ्याच्या पाठीने खरवडत होते. मावशी मागून खराटा मारत होत्या. ऊन चांगलं होतं. अकरा-साडेअकराला टाकं कोरडं झालं आणि निळा रंग इतका स्वच्छ निघाला की मी खिडकीतून मागे सरकले.

मावशींनी मला खाली बोलावलं. असं त्यांनी आधी कधीच बोलावलं नव्हतं. मी चपला काढून शिडीने उतरले. तळ उन्हाने कोमट झाला होता. खालून वर बघितलं तर बंगला, धान, टेकडी काहीच दिसत नव्हतं, चारी बाजूंना निळी भिंत आणि वर आभाळ. इतके महिने बघत होते त्या जागेच्या आत मी पहिल्यांदाच उभी होते.

"पाय फिरवून पाहा," काका म्हणाले. "घसरते का कुठी?"

"नाही," मी म्हणाले. "खूप छान झालंय."

"साहेबाले फोटो धाडा ना मॅडम, तुमच्या फोनवरून. नाई तं राहू द्या. तो येऊनच पाहीन."

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या मनगटापर्यंत हिरवं लागलेलं. त्या दोघांना एकमेकांशी हसताना मी पुष्कळदा वरून बघितलं होतं. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून हसत होते. आता सांगितलं तर हे संपेल, असं मला वाटलं. म्हणून मी अर्धंच सांगितलं. म्हणजे विचारलं.

"काका, पाणी परत कधी भरायचं? आजच भरलं तर?"

"आज काऊन? मिस्त्रीचं काम होऊ द्या. ऊन खाऊ द्या टाक्याले."

"पाऊस आला तर?"

"आला तं आला. फुकटात भरीन."

मी हसले. अजून एक वाक्य बोलायची गरज होती आणि मी हसले. मावशींनी मला काळा चहा दिला, आम्ही तिघांनी तो टाक्याच्या तळात बसून प्यायला. त्या गावात मी कुणाबरोबर बसून प्यालेला तो पहिला चहा होता.

पाऊस चार वाजता आला. मोठा नाही, पण थांबला नाही. बांध्यांचं पाणी धुऱ्यांवरून एकातून दुसरीत पडत होतं, त्याचा आवाज माझ्या खोलीत येत होता. टाक्यात घोट्याएवढंही साचलं नाही. मी खिडकी लावून घेतली आणि सातवीच्या वह्या तपासल्या. एकाच वहीवर दोनदा लाल खूण केली.

सोमवारी सकाळी डबा घेऊन खाली आले तेव्हा काका टाक्याच्या काठावर उकिडवे बसले होते. काठाची फरशी आणि टाक्याची भिंत यांच्यामध्ये फट पडली होती. एका टोकाला बोटभर, खोल टोकाकडे वाढत जाऊन वीतभर. काकांनी तिच्यात हात घातला होता, मनगटापर्यंत, आणि तो काढत नव्हते. सगळं टाकं एका बाजूने वर आलं होतं. तळात कोपऱ्यापासून मधोमध एक तडा गेला होता आणि त्यातून स्वच्छ पाणी हळूहळू वर येत होतं, झऱ्यासारखं.

"मॅडम, पाहा ना," मावशी म्हणाल्या. "टाकं वर आलं. असं येते का कुठी?"

काकांनी वर बघितलं नाही. "त्या कोपऱ्यात विळा जोरानं लागला माह्या हातानं," ते म्हणाले. "तिथूनच फुटलं."

तडा बरोबर त्या कोपऱ्यातून गेला होता. ते खरंच तसं समजत होते. विळ्याची पाठ आणि वीस फुटी टाकं. मी त्यांना तेव्हा तरी सांगायला हवं होतं की तुमच्या हाताने काहीही फुटलेलं नाही. मी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "मला शाळेला उशीर होतोय." उशीर होत नव्हता.

त्या दिवशी मी चार तास शिकवले. काय शिकवलं ते आठवत नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि परत बंद केला. शाळा सुटल्यावर मी नेहमीच्या रस्त्याने गेले नाही, गावातल्या तलावाला वळसा घालून गेले, तरी बंगला आलाच.

फाटकात मालकांची गाडी उभी होती. मिस्त्रीने सकाळीच त्यांना फोन केला होता. मालक टाक्याच्या काठावर उभे होते, पँटच्या पायांना चिखल लागलेला. काका त्यांच्यासमोर, मावशी जरा मागे, डोक्यावर पदर. मालक ओरडत नव्हते. ओरडले असते तर मी बहुधा जिना चढून वर गेले असते.

"मी काय सांगितलं होतं, भाऊ? हातभर. एक हात. सारं काढायला कोणी सांगितलं होतं?"

काकांनी टाक्याच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं.

"विचारतो ना मी. काऊन काढलं?"

"बुड घासाले," काका म्हणाले. मग जरा थांबून, "विळा लागला, साहेब. माह्यानंच झालं."

मालकांनी टाक्याकडे बघितलं, मग काकांच्या हाताकडे. त्यांनाही विळ्याचं खरं वाटलं असावं, किंवा कारणाशी त्यांना घेणं उरलं नसावं. दिवाळीची वाट पाहायला नको, असं ते म्हणाले. येत्या रविवारी गाडी पाठवतो, सामान भरा, सिरोंच्याला सोडून देईल. हे त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. मावशींनी पदराचं टोक तोंडात धरलं. काका म्हणाले, हो साहेब.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. खांद्याला पिशवी, हातात न खाल्लेला डबा. मालकांनी मला बघून मान हलवली, भाडेकरूला हलवतात तशी, आणि परत काकांकडे वळले. माझं तिथे काही काम नव्हतं. माझी खोली त्यांचीच होती, आणि तिच्यासारखी दुसरी खोली त्या गावात पप्पांना सापडली नव्हती. हे सगळं माझ्या लक्षात आलं. मनात वाक्य जुळवायला लागले, आणि या वेळी ते जुळेना. सुरुवात कुठून करावी हेच कळेना, पुस्तकापासून, पाइपपासून की शनिवारपासून. काका खोलीकडे जायला वळले. त्यांच्या पायात चप्पल नव्हती.

मी पायरीवरून खाली उतरले, टाक्यापर्यंत चालत गेले, आणि मालकांकडे न बघता काकांकडे बघून म्हणाले, "विळ्याने नाही झालं. जमिनीतल्या पाण्याने टाकं उचललं. तुम्हाला ते माहीत नव्हतं, काका. मला माहीत होतं. शनिवारपासून माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."